ली प्रिसिजनचा 12 बोरचा ‘ड्राइव्ह की’ स्लग साचा: घरी ओतलेल्या स्लगने हरणाची शिकार करायची तर

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात हरणाच्या शिकारीला रायफल चालत नाही, शॉटगनच लागते. ओहायोने 2014 पासून आणि इलिनॉयने 2023 पासून सरळ केसिंगची, म्हणजे तोंडाकडे न निमुळती होणारी, काडतुसं झाडणाऱ्या काही रायफलींना परवानगी दिली, तरी त्या पट्ट्यात आजही हजारो लोक 12 बोरची बंदूक आणि एकच जड गोळी, म्हणजे स्लग, घेऊन जंगलात उतरतात. अडचण काडतुसांच्या किमतीची आहे. आट्यांच्या, म्हणजे आतून पिळाच्या खाचा असलेल्या, नळीसाठीची चांगली सेबो काडतुसं (यात बारीक गोळी प्लास्टिकच्या खोळीत बसते) पाचाच्या खोक्याला पंधरा ते पंचवीस डॉलर खातात. साधे फॉस्टर स्लग स्वस्त पडतात, पण नेमाचा सराव करायचा म्हटलं की तेही खिशाला जाणवतात. मग लोक सरावच करत नाहीत, हंगामाच्या आधी दोन-तीन बार झाडून पाहतात आणि थेट हरणावर बंदूक रोखतात. ली प्रिसिजनचा हा ॲल्युमिनियमचा साचा त्या दुखण्यावरचा उपाय आहे.

निकाल आधीच सांगतो. बंदूक 12 बोरची असेल, शिकार 75 यार्डांच्या आत होत असेल आणि वर्षाकाठी शंभरेक स्लग झाडायची तयारी असेल, तर हा साचा जरूर घ्या. वर्षाला दहा काडतुसं लागत असतील तर दुकानातलाच माल घ्या. 20 बोरवाल्यांसाठी ली हा साचा बनवतच नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण वगळता येणार नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे आणि परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा पुढचं सगळं फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. मित्राला पैसे घेऊन डबा देणं हेही विकणंच. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना बंदूक आणि काडतूस बाळगायला मुळात मनाई आहे. अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते. हा मुद्दा कित्येकांना माहीत नसतो आणि चूक झाली तर व्हिसावर बेतते, म्हणून वकिलाला विचारूनच पुढे जा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, त्यामुळे तिथल्या वाचकांना हा साचा फार तर कागदी निशाण्यापुरता.

आता साच्याकडे वळू.

हा एका खणाचा साचा आहे आणि लाकडी मुठी त्याला लावूनच येतात. ही लहान गोष्ट नाही, कारण बाकीच्या बऱ्याच कंपन्यांच्या साच्यांना मुठी वेगळ्या घ्याव्या लागतात. वजनं दोन: 7/8 औंस, म्हणजे सुमारे 383 ग्रेन, आणि 1 औंस, म्हणजे साडेचारशेला थोडे कमी, 437.5 ग्रेन. दोघांचा व्यास सारखाच, साधारण .690 इंच. 12 बोरच्या नळीचा नाममात्र व्यास .729 इंच आहे. मधली फट कशासाठी? हा स्लग नळीला टेकतच नाही. छऱ्यांच्या काडतुसात जो प्लास्टिकचा वॉड असतो, त्याच्या कपात तो बसतो आणि वॉडसकट नळीतून जातो. त्यामुळे स्लगला वंगण लागत नाही, नेमक्या व्यासाला दाबून आणणारी साइझिंग डाय लागत नाही, नळीत शिसं चढत नाही. ओतला, निवडला, भरला.

स्लग तळाकडून पोकळ आहे आणि त्या पोकळीत आडवी एक पट्टी आहे. हीच ती ‘ड्राइव्ह की’. आट्यांच्या नळीत वॉड आट्यांत रुतून फिरतो, त्याचा तळ या पट्टीला धरतो आणि स्लगलाही फिरवतो. गुळगुळीत नळीत फिरण्याचा प्रश्नच नाही. तिथे वजन पुढे आणि तळ पोकळ, एवढ्यावर स्लग नाक पुढे ठेवून जातो. कार्ल फॉस्टरने 1931 च्या सुमारास काढलेल्या स्लगचं तत्त्व हेच होतं. थोडक्यात एकच साचा दोन्ही प्रकारच्या नळ्यांना चालतो. आपली नळी कोणती हे नक्की नसलेल्या, जुनी बंदूक विकत घेतलेल्या माणसाला हे फार सोयीचं आहे.

पोकळी पाडणारी पिन ठोकळ्यालाच जोडलेली असते आणि साचा उघडताना आपसूक बाजूला होते. पिन हाताने घालायची-काढायची असती तर ओतण्याचा वेग निम्म्यावर आला असता. मात्र याच पिनेवर या साच्याच्या बहुतेक तक्रारी येऊन थांबतात. त्यांच्याकडे येतोच.

शिसं कुठलं

मऊ शिसं घ्या. छपरावरच्या जुन्या पट्ट्या, प्लंबिंगचं शिसं, एक्स-रे खोलीच्या भिंतीतले पत्रे, हा उत्तम माल. चाकाचे तोल साधायला लावतात ते तुकडे पूर्वी भंगारात मुबलक मिळत, पण त्यांत अँटिमनी असतं. मिश्रण कडक होतंच, शिवाय साच्यातून निघणारा स्लग शुद्ध शिशाच्या स्लगपेक्षा किंचित मोठा निघतो. तो फरक केसाएवढा असला तरी वॉडच्या कपात जाणवतो. दुसरं म्हणजे हल्ली त्या तुकड्यांत जस्ताचे पुष्कळ निघतात. जस्त 419 अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं 327 ला. म्हणून भंगार आधी वेगळ्या भांड्यात 350 अंशांच्या आसपास वितळवा. जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात, चमच्याने काढून टाका. एकदा का जस्त मिसळलं की शिसं ओटमीलसारखं घट्ट होतं आणि साचा धड भरत नाही. त्या घाणीचं पुढे काही करता येत नाही. गाडीच्या बॅटरीतल्या शिशाला हातही लावू नका. त्यातून निघणारे वायू जिवावर बेततात.

वितळवायची जागा उघडी आणि हवेशीर हवी. गॅरेजचं दार वर करून, वारा पाठीमागून. स्वयंपाकघरात कधीच नाही, आणि जे भांडं एकदा शिशाला वापरलं ते परत अन्नाला नाही. डोळ्यांवर चष्मा, हातात चामडी हातमोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. पाण्याचा थेंबही भांड्याजवळ नको. वितळलेल्या शिशाखाली पाणी गेलं की त्याची एका क्षणात वाफ होते आणि भांड्यातलं शिसं छतापर्यंत उडतं. घामाचा थेंब, ओलसर चमचा, दमट भंगार, कशानेही हे होतं. भंगार टाकायचं ते थंड भांड्यात, सुरुवातीलाच, म्हणजे ओल हळूहळू उडून जाते. काम संपल्यावर हात साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा. घरात लहान मूल असेल तर त्या बुटांनी आत येऊ नका.

ओतताना काय बिघडतं

नवा साचा तेलकट येतो. तो गरम साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुवून पूर्ण वाळवा. खणाच्या आतून काडेपेटीच्या काडीची काजळी हलकी धरा. वरचं जादा शिसं कापणारी कापणी-पट्टी जिथे फिरते त्या खिळ्यावर आणि ठोकळे जुळवणाऱ्या खुंट्यांवर मेणाचा अगदी पुसट हात फिरवा. जास्त लावलं तर ते वितळून खणात जातं आणि प्रत्येक स्लगवर सुरकुती उठते.

शिसं 375 ते 400 अंशांवर ठेवा आणि साचा भांड्याच्या कडेवर टेकवून तापू द्या. इथे बहुतेकांची गफलत होते. ॲल्युमिनियमचे ठोकळे चटकन तापतात, पिन तापत नाही. स्लग बाहेरून गुळगुळीत दिसतो, उलटा केला की पोकळीच्या आत सुरकुत्या, आणि घेर एका बाजूला अर्धवट भरलेला. बाहेरून बघून पास केलेला असा स्लग हवेत डगमगतो, कारण त्याचं वजन मध्यावर नसतं. यावर तोडगा एकच: पहिले दहा-बारा स्लग ओतून न बघता परत भांड्यात टाका. पिन ओतूनच तापते. त्यानंतरही मध्ये चहाला थांबलात तर पुन्हा तीच कसरत.

साचा फार तापला की उलटं होतं. स्लग पांढुरके, बर्फ धरल्यासारखे निघतात. हे दिसायला वाईट असलं तरी नेमाला फारसं बाधत नाही, पण अशा वेळी वरचं शिसं घट्ट व्हायला वेळ लागतो आणि घाईने कापणी-पट्टी फिरवली तर स्लगच्या नाकातून लचका निघतो. नाकावर खड्डा पडलेला स्लग परत भांड्यात. ओतल्यावर वरच्या थारोळ्याचा रंग बदलतो, चमक जाऊन ते मंद होतं. तिथून आणखी चार-पाच सेकंद थांबा. हा मोठा गोळा आहे, रिव्हॉल्व्हरच्या गोळीच्या हिशेबाने चालू नका.

पिनेला स्लग चिकटून बसणं ही या साच्याची सगळ्यात नेहमीची तक्रार. शिसं थंड होताना आकसतं आणि पिनेला मिठी मारतं, त्यामुळे फार वेळ थांबणंही वाईट. कापणी-पट्टी फिरवली की लगेच साचा उघडा आणि मुठींच्या बिजागरीच्या खिळ्यावर लाकडी दांडक्याने हलका ठोका द्या. ठोकळ्यावर ठोका देऊ नका. ॲल्युमिनियम मऊ आहे, एकदा कड चेपली की ठोकळे पूर्ण मिटत नाहीत आणि प्रत्येक स्लगला पंख फुटतात. तरीही चिकटत असेल तर पिनेवर पुन्हा काजळी धरा. स्लग दुमडलेल्या कोरड्या सुती कापडावर पाडा. गरम असताना पोकळीभोवतीचा घेर इतका मऊ असतो की लाकडावर पडला तरी चेपतो. पाण्यात टाकण्याचा काही फायदा नाही, शुद्ध शिसं त्याने कडक होत नाही, आणि पाण्याचा डबा भांड्याशेजारी ठेवणं म्हणजे वरच्या अपघाताला बोलावणं.

एका पौंडात 7/8 औंसाचे अठरा, 1 औंसाचे सोळा स्लग बसतात. दहा पौंडांचं विजेचं भांडं एकदा भरलं तर एका सकाळचं काम निघतं.

निवड: खरी अचूकता इथे आहे

बंदुकीची दारू बदलून, ती पेटवणारी टोपी बदलून नेम सुधारायचा प्रयत्न करणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे स्लगच तराजूवर घातलेले नसतात. ओतून झालेला प्रत्येक स्लग उलटा करून पोकळीत बघा, आडवी पट्टी पूर्ण भरली आहे का, घेर सगळीकडे सारख्या जाडीचा आहे का. मग प्रत्येकाचं वजन. नाममात्र वजनावर अडून राहू नका, तुमच्या शिशाप्रमाणे सरासरी थोडी इकडे-तिकडे असणारच. महत्त्वाचं आहे ते एकमेकांतलं अंतर. दोन-तीन ग्रेनच्या आत बसणारे एका डब्यात, हा शिकारीचा माल. त्याच्या बाहेरचे सरावाला. सरासरीपेक्षा पाच-सहा ग्रेन हलका निघाला तर समजा आत कुठेतरी हवेचा बुडबुडा आहे. तो मध्यावर नसतो आणि दिसत नाही. सरळ भांड्यात टाका. जास्त जड निघाला तर ठोकळे पूर्ण मिटले नव्हते, मधल्या सांध्यावरून बोट फिरवा, रेघ लागेल.

वॉड आणि नळी

स्लग .690, वॉडच्या पाकळ्या दोन्ही बाजूंना मिळून चाळीसेक हजारांश इंच. बेरीज नळीच्या व्यासाजवळ जाते. याचा अर्थ वॉडच्या पाकळीच्या जाडीवर सगळा खेळ आहे. एका कंपनीचा वॉड आणि त्याच रंगाची, त्याच आकाराची दुसऱ्या कंपनीची नक्कल यांत पाकळी सारखी असेलच असं नाही. पाकळी पातळ पडली तर स्लग नळीत खडखडतो आणि तिरका बाहेर पडतो. जाड पडली तर दाब वाढतो.

तपासायला सोपं आहे. नळी बंदुकीपासून वेगळी करा, स्लग वॉडमध्ये घाला आणि लाकडी गजाने मागून पुढे ढकला. सारख्या, मध्यम जोराने सरकला पाहिजे. अंगठ्याच्या दाबाने घरंगळला तर सैल, हातोडीची गरज भासली तर ती जुळणीच टाकून द्या. गुळगुळीत नळीला चोक, म्हणजे तोंडाशी नळी आवळणारा भाग, सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर या मोकळ्या मापाचा लावा. सगळ्यात आवळलेल्या फुल चोकमधून हा स्लग झाडू नका.

रेंजवर झाडल्यानंतर वॉड उचलून आणायची सवय लावा, पंचवीस-तीस यार्डांत पडलेले सापडतात. कपाच्या तळावर आडव्या पट्टीचा ठसा उठलेला असतो. ठसा एक रेघ असेल, कडा स्वच्छ असतील, तर वॉडने स्लगला पकडून फिरवलं. रेघेऐवजी गोल घासलेला डाग असेल तर वॉड फिरला आणि स्लग मागे राहिला. अशा जुळणीतून आट्यांच्या नळीचा काही लाभ होत नाही, वॉड बदला. पोकळीच्या घेराने तळ कापून गोल चकती सुटलेली दिसली तर वॉड त्या दाबाला कमी पडतो आहे. यावर बरेच जण स्लगखाली 20 बोरच्या पुठ्ठ्याची चकती घालतात आणि तिचा उपयोगही होतो. पण चकती म्हणजे नवा घटक. छापील कृतीत ती असेल तरच घाला.

दारू, टोपी, कवच

दारूचं वजन या लेखात मुद्दाम दिलेलं नाही. साच्यासोबत कागद येतो, दारू बनवणाऱ्या कंपन्या आणि रीलोडिंगची पुस्तकं स्लगसाठी तपासलेल्या कृती छापतात. तिथूनच घ्यायच्या. शॉटगनची कृती ही कवच (काडतुसाचं रिकामं नळकांडं), टोपी, दारू, वॉड आणि गोळी या पाचांची मिळून एक असते. त्यातलं एक बदललं की कृती बदलली. 2¾ इंची 12 बोरसाठी सामी या संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा 11,500 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. रायफलीच्या मानाने हा आकडा लहान दिसतो, पण शॉटगनची नळीही तशीच पातळ असते. दाब वाढल्याची जी चिन्हं रायफलीच्या टोपीवर दिसतात ती इथे वेळेवर दिसत नाहीत.

तीन चुका वारंवार होतात. पहिली, छऱ्यांच्या 1 औंसाची कृती 1 औंसाच्या स्लगला लावणं. वजन सारखं असलं तरी छरे आणि अखंड गोळा दाबाखाली सारखे वागत नाहीत. दुसरी, 209 टोपी (शॉटगनच्या टोपीचं नेहमीचं माप) म्हणजे 209 टोपी असं समजणं. विंचेस्टर, फेडरल, सीसीआय यांच्या टोप्यांची धग वेगवेगळी आहे. तिसरी कवचांची सरमिसळ. रेमिंग्टन एसटीएस आतून निमुळतं आहे, फिओकी आणि चेडाइट सरळ भिंतीचे, त्यांच्या पोटात मावणारी जागा वेगळी. विंचेस्टर एएमध्येही जुनं एकसंध आणि नंतरचं एचएस असे दोन प्रकार आहेत. रेंजवरून उचललेली कवचं घरी आल्या आल्या वेगळी करा, तोंडाला चीर गेलेली फेकून द्या.

काडतूस भरायचं यंत्र म्हणून लीचंच लोड-ऑल पुरतं. हलकं आहे, प्लास्टिकचे भाग आहेत, पण स्लगसाठी वेग नकोच असतो. सहा आणि आठ पाकळ्यांची घडी सुरू करणारे भाग सोबत येतात. दारू मोजायच्या त्याच्या बुशिंगांवर (ठरावीक भोकाच्या मापांवर) डोळे झाकून विसंबू नका. त्या आकारमानाने मोजतात, आणि तक्त्यात लिहिलेल्यापेक्षा कमी-जास्त पडतंच. शिकारीच्या काडतुसात प्रत्येक माप तराजूवर घ्या, स्लग हाताने कपात सोडा, पोकळी खाली, नाक वर.

या स्लगचा मोठा फायदा असा की तोंड साध्या पाकळीच्या घडीने बंद होतं, तोंडाची कड आत वळवणारं रोल क्रिंपचं वेगळं हत्यार लागत नाही. घडी कडेपासून साधारण एक-सोळांश इंच खोल हवी. आतला थर ठेंगणा पडला तर घडी मध्यभागी खचते, भोक राहतं आणि दारूचे कण गळतात. उंच पडला तर घडी फुगते आणि काडतूस चेंबरमध्ये अडकतं. 7/8 औंसाचा स्लग आखूड असल्याने घडीला जागा चांगली मिळते, धक्काही कमी बसतो. सरावाला तोच घ्यावा, आणि खरं तर शिकारीलाही. खांदा दुखायला लागला की माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, मग औंसाचा आठवा भाग वजन जास्त असून काय उपयोग.

रेंजवर

बाकावर टेका घेऊन 50 यार्डांवर पाच बार, दोन बारांमध्ये नळी निवून कोमट होऊ द्या. गुळगुळीत नळीतून पाचही चार-पाच इंचांत पडले तर जुळणी चांगली आहे, आट्यांच्या नळीतून तीन इंचांची अपेक्षा ठेवा. हरणाच्या छातीत हृदय-फुप्फुसांचा जो भाग असतो तो साधारण आठ इंचांचा. 50 यार्डांवरचे पाच इंच 75 वर साडेसात होतात, 100 वर दहा. म्हणून 75 ची मर्यादा. त्यापुढे स्लगचा वेग आवाजाच्या वेगाखाली उतरू लागतो, आणि गुळगुळीत नळीतून गेलेला स्लग त्या टप्प्यावर आणखी ढळतो. 100 यार्डांवर मारायचंच असेल तर आट्यांची नळी आणि सेबो काडतुसं घ्या, हा साचा त्यासाठी नाही.

नेम 50 यार्डांवर बसवला की 100 वर स्लग पाच-सात इंच खाली जातो, वेगाप्रमाणे जास्तही. हा आकडा कुणाकडून ऐकून न घेता स्वतः झाडून कागदावर मोजा. आट्यांच्या नळीत वॉडचं प्लास्टिक चढतं. बारांचा घोळका अचानक पसरू लागला तर दारूला दोष देण्याआधी नळीत ब्रश घाला. नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक दाबून बसतात आणि पुढच्यांची घडी धक्क्यांनी सैल पडते, म्हणून दोन-तीन दिवस मॅगझिनमध्ये राहिलेली काडतुसं सरावात संपवा.

दुसरा पर्याय लायमनचा 525 ग्रेनचा साचा. आकार एअरगनच्या छऱ्यासारखा, कमरेत बारीक. तोही वॉडमध्येच बसतो, आणि 20 बोरसाठीही लायमनचा साचा मिळतो. लोखंडी ठोकळे टिकाऊ आहेत, पण मुठी वेगळ्या घ्याव्या लागतात, पिन दर वेळी सांभाळावी लागते आणि 12 बोरचा धक्का चांगलाच जाणवतो. अस्वल मारायचं नसेल तर लीचा हलका स्लग हरणाला पुरेसा आहे. विकतच्या मालात फेडरलचं ट्रूबॉल गुळगुळीत नळीतून चांगलं चालतं, ते मापदंड म्हणून एक खोका घेऊन ठेवा. तुमचा घरचा स्लग त्याच्या बरोबरीला आला की पुरे.

खर्चाचा अंदाज असा. भंगारातलं शिसं दोन डॉलर पौंड धरलं तर एका स्लगमागे अकरा ते साडेबारा सेंट, टोपी, वॉड आणि दारू धरून काडतूस चाळीस ते साठ सेंटांत पडतं. कवच पुन्हा वापरलेलं. साचा, यंत्र, भांडं आणि तराजू यांचा पैसा दोन हंगामांच्या सरावात वसूल होतो, पण सराव केला तर.

भरलेल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवा: तारीख, स्लगचं वजन, कवच, टोपी, वॉड, दारूचं नाव आणि माप, कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावरून. दारू मूळ डब्यातच ठेवा, कामाच्या टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि काम संपल्यावर यंत्राच्या दारूच्या बुधलीत उरलेली लगेच त्याच डब्यात परत. बुधलीत रात्रभर राहिलेली, नाव आठवत नसलेली दारू बागेत पसरून टाका, काडतुसात नको.